पाहुण्याचं वासरू

४ फेब्रुवारी

नोकरी लागली. लिहून ठेवते, कारण सांगायला घरात भिंतींशिवाय कोणी नाही आणि भिंतींना माझं कौतुक नाही.

बस स्थानकावर काचेच्या खोलीत बसून मी अर्धं आयुष्य गाड्या पुकारल्या. मग साहेबांनी माझाच आवाज यंत्रात भरून घेतला, हातात एक पुष्पगुच्छ ठेवला आणि मला घरी पाठवलं. आता मी घरी बसलेली असते आणि तिकडे मीच दिवसभर बोलत असते, बिनपगारी. तो साहेब आठवला की अजून तोंड कडू होतं. माणूस कसला, खुर्चीला फुटलेलं पोट नुसतं.

नवा मालक चष्म्याच्या दुकानाचा. सगळे त्याला मामा म्हणतात, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. मी अर्ज केला नव्हता की कोणाकडे शब्द टाकला नव्हता. त्यानेच निरोप पाठवून बोलावलं. म्हणाला, तुमचा आवाज सगळ्या गावाला पाठ आहे. पुढे दुकान, मागे एक खोली, खोलीत टेबल, टेलिफोन आणि कुरकुरणारा पंखा. मामा चष्मे विकतो आणि अडल्यानडल्याला पैसेही देतो. घेतलेले पैसे विसरणाऱ्यांना मी गोड आवाजात आठवण करून द्यायची, एवढंच काम.

बोलता बोलता घरचीही चौकशी केली त्याने. सांगितलं, आई लवकर गेली, धाकट्या भावाला मीच वाढवला, तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला बायको आणि एक मुलगी आहे. मामाने विचारलं, भाऊ तुमचं ऐकतो का. मी म्हटलं, न ऐकून जातो कुठे, माझा आवाज ऐकला की अजून उठून उभा राहतो. मामा फार खूश झाला. मालक असावा तर असा. त्या पोटासारखा नसावा.

७ फेब्रुवारी

इथे वेगळीच भाषा आहे. मला शब्दांची आवड, म्हणून उतरवून ठेवते.

कर्जदाराला कर्जदार म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. पहिल्यांदा थोडे पैसे दिले की पाहुण्याला ‘चहा पाजला’. मोठी रक्कम दिली की ‘जेवायला बसवला’. हप्ता चुकला की ‘मीटर पडतं’. भाड्याच्या गाडीचं असतं तसं, फक्त हे मीटर पाहुणा गाडीतून उतरला तरी पळतच राहतं. ज्याच्याकडून अजून काही निघेल तो ओला, ज्याच्याकडे काहीच उरलं नाही तो सुका.

बहुतेक पाहुणे जुगाराच्या फडावरून येतात. हे मला पोस्टमनने सांगितलं. पोस्टमन म्हणजे टपालवाला नव्हे. मामाचा वसुलीचा माणूस, खांद्यांवर मान नावाचा प्रकार नाही, थेट डोकंच. पूर्वी तो टायरच्या दुकानामागच्या फडावर नाल काढायचा. डाव कोणीही जिंको, जागा देणाऱ्याचा वाटा आधी बाजूला काढतात, त्याला नाल म्हणतात. पैसे लावणारा तो पंटर. तीन पत्त्यांच्या खेळात पानं न बघताच पैसे लावले तर ब्लाइंड, आणि हिंमत संपून पानं खाली टाकली की पॅक. पंटर हरला की तिथेच कोपऱ्यात मामाचा माणूस चहा पाजायला बसलेला. तो पुन्हा हरतो. मग जेवायला बसतो.

किती नादान असावं माणसाने. न बघता पैसे लावायचे. वर त्याला नाव काय, तर खेळ.

१० फेब्रुवारी

रविवारी धाकट्याकडे जेवायला गेले होते. भावजयीच्या हातात बांगड्या नव्हत्या. म्हणाली, वजनाने मनगट दुखतं. एवढ्याशा बांगड्यांचं वजन. आमच्या आईने तर पाण्याच्या घागरी वाहिल्या. हल्लीच्या मुली म्हणजे नुसत्या लोण्याच्या.

धाकटा स्कूटरऐवजी चालत कामाला जातो. चालण्याने तब्येत सुधारते म्हणे. मी म्हटलं, तुझी तब्येत सुधारली असेल तर ती मला का दिसत नाही? गालफडं बसलीत, दाढी वाढलीये, उभा राहतो तो उसाचं चिपाड उभं केल्यासारखा. तो हसला. आणखी वाढू का म्हणून बायकोने विचारलं तर म्हणाला, ‘नको, मी पॅक.’

मजा वाटली. शब्द कसे उडत उडत कुठेही जाऊन बसतात. फडावरचा शब्द लिफ्टवाल्याच्या तोंडी.

पत्त्यांचा नाद त्यालाही होता एकेकाळी, लग्न ठरायच्या सुमारास. मी चारचौघांत असा झापला होता की त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि पुन्हा पत्त्याला शिवला नाही. वठणीवर आणायला आवाज लागतो. त्याच्या मुलीला, चिंगीला, मात्र माझं कौतुक आहे. दुसरीत गेलीये, समोरचे दोन दात पडलेत, मांडीवर बसून मला गाड्या पुकारायला लावते.

मी फायनान्सच्या ऑफिसात लागले एवढंच सांगितलं. धाकट्याने कुठलं ऑफिस म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, तुला काय करायचंय, तुला थोडंच कोणी कर्ज देणार आहे.

१४ फेब्रुवारी

माझं बोलणं मीच बसवलं. मामाने लिहून दिलेलं वाक्य दरिद्री होतं. मी असं म्हणते: ‘नमस्कार. आपण कसे आहात? घरची मंडळी बरी आहेत ना? आज आपली आठवण काढली.’ मग क्षणभर थांबते. मग रक्कम. मामा म्हणाला, बाई, हे ऐकून माणूस स्वतःहून खिशात हात घालेल.

पाहुण्यांची आवाजावरून पारख होते. एक वकील आहे, तो मलाच कायदा शिकवतो आणि शेवटी रडतो. एक तबलजी आहे, त्याची प्रत्येक आठवड्यात एक आत्या मरते. इतक्या आत्या एका घरात असतील तर तबलजीने पैसे आत्यांवरच खर्च केले असणार. सगळे बावळट. तोंडावर ‘हो ताई, हो ताई’, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच फडावर.

आज मामाने एक नवा नंबर दिला. म्हणाला, या पाहुण्याला रोज फोन करायचा आणि तुम्हीच करायचा, पोस्टमनने नाही. नाव गाव काही सांगितलं नाही. इथे ते सांगतच नाहीत.

मी फोन लावला. उचलला गेला. मी माझं बोलणं म्हटलं. पलीकडे कोणी बोलेना. श्वास तेवढा ऐकू येत होता. मी रक्कम सांगितली, तरी श्वासच. मग ठेवून दिला.

मी मामाला म्हटलं, हा मुका आहे. मामाला इतकं हसू आलं की त्याने चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हापासून त्याचं नाव मुका पाहुणा.

२३ फेब्रुवारी

मुका रोज उचलतो. रोज बोलत नाही. वकील, तबलजी निदान खोटं तरी बोलतात, खोटं बोलायला थोडी तरी अक्कल लागते. याला तेवढीही नाही. पण मामा सांगतो, तुमच्या फोननंतर मुका काही ना काही आणून देतो. कधी नोटा, कधी दागिना. स्कूटर आधीच ठेवली होती, आज म्हणे तिची कागदपत्रंही देऊन गेला.

म्हणजे माझ्या आवाजात अजून दम आहे. त्या पोटाला कळवायला हवं.

१ मार्च

पोस्टमनच्या उजव्या हाताची बोटं बांधलेली होती. शटरमध्ये सापडली म्हणाला. दुकानाचं शटर मी रोज बघते, त्यात बोट जाईल अशी फट नाही. असेल दुसरं कुठलं.

नवा शब्द: ‘काच पुसणे’. पाहुण्याला समोर असलेलं दिसेनासं झालं की पोस्टमन जाऊन त्याची काच पुसून येतो. म्हणजे नीट समजावून सांगतो. चष्म्याच्या धंद्यातला शब्द, छान बसलाय. काल तबलजीची काच पुसली. आज फोनवर तबलजीचा आवाज बोबडा येत होता, तोंडात काही धरल्यासारखा, पण पैसे मात्र कबूल केले. कोणाची आत्या मेली नाही.

९ मार्च

धाकट्याने आजही मला जेवायला बोलावलं नाही. सलग तिसरा रविवार. मीच गेले. तो घरात असून आतल्या खोलीत पडून राहिला. भावजय म्हणाली, डोकं दुखतंय. मी दारातूनच त्याला चार शब्द सुनावले: बाप झालास, माणसासारखा वाग, बहीण आली तर उठून बसता येत नाही? तो उठून बसला. माझ्याकडे बघेना. म्हणाला, ‘ताई, तू घरी पण बोलत जा गं.’

बोलतेच तर आहे. याला ऐकू येत नाही की काय.

भावजय मला जिन्यापर्यंत सोडायला आली. तिला काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. पायरीवर उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी विचारलं, काय आहे. म्हणाली, ‘ताई, तुमचं त्यांच्याशी काही भांडण झालंय का?’ मी म्हटलं, त्याच्याशी भांडायला तो बरोबरीचा तरी हवा. ती परत वर गेली. मिळमिळीत बाई. दोघं एकमेकांना शोभतात.

१८ मार्च

आज मामाने ‘पान्हा’ समजावला. मालक स्वतः समोर बसून शिकवतो, हे त्या स्थानकावर कधी घडलं नाही.

म्हणाला, गाय दूध चोरते तेव्हा गवळी काय करतो? वासरू पुढे आणतो. वासरू दिसलं की गाईला पान्हा फुटतो. तसंच पाहुणा ताठरला की त्याचं वासरू शोधायचं आणि त्याला दाखवायचं. वासरू म्हणजे ज्याच्यावर त्याचा जीव आहे ते माणूस.

मला हे पटलं. चुकलेल्या माणसाला त्याच्या माणसांची आठवण करून द्यायची. पोस्टमन घरी जाऊन पोराबाळांसमोर बसत असेल, फीचं, पुढच्या शिक्षणाचं बोलत असेल. काच पुसण्यापेक्षा हा उपाय माणुसकीचा. पोस्टमनला तो कितपत जमत असेल, शंका आहे. त्याच्या चेहऱ्याकडे बघून पान्हा फुटायच्या ऐवजी आटायचा.

२ एप्रिल

मुका सुकला. गेले कित्येक दिवस त्याच्याकडून काही आलं नाही. फोन मात्र उचलतो. आज मी माझं नेहमीचं बोलणं म्हटलं, ‘घरची मंडळी बरी आहेत ना’ म्हटलं, आणि पलीकडून हुंदका आला. एकच. मग ठेवून दिला.

किळस आली. पत्ते कुटताना हात कापत नाहीत आणि बाईमाणसाच्या दोन गोड शब्दांवर रडू येतं. असल्या माणसाच्या बायकोची कीव करावी, की असल्याबरोबर राहते म्हणून तिलाही धरावं, तेच कळत नाही.

मामा खोलीत आला आणि त्याने विचारलं, मुक्याचं काय करायचं. मला कोणी असं विचारलं नव्हतं कधी. गाडी कुठल्या फलाटावर लावायची हेसुद्धा नाही. मी म्हटलं, ‘वासरू दाखवा.’

मामा माझ्याकडे बघत राहिला. ‘तुम्ही म्हणताय?’

‘मग काय, असल्यांना दुसरी भाषा कळते का?’

‘बरं,’ तो म्हणाला. ‘तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.’

बाहेर जाऊन तो पोस्टमनशी हळू आवाजात बोलला, आणि पोस्टमनने दारातून डोकावून मला एकदा नीट बघून घेतलं. त्याला माझा हेवा वाटत असणार.

४ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी पोस्टमनने खोलीच्या दारातून हाक मारली, बाई, बाहेर या, वासरू आणलंय. मला वाटलं कागद असेल, फोटो असेल. पुढे दुकानात गेले.

आरशासमोरच्या उंच स्टुलावर चिंगी बसली होती. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, नाकावर बिनकाचेची लाल फ्रेम. काउंटरवर तिच्यासमोर आणखी चारपाच फ्रेमी मांडून ठेवल्या होत्या आणि ती एकेक लावून आरशात बघत होती. मला बघून तिने स्टुलावरून उडी मारली.

‘आत्या, हे काका तुझ्याच ऑफिसातले ना? मला स्कूटरवरून आणलं. बाबांना यायला उशीर होणार होता.’

मी पोस्टमनकडे बघितलं. तो म्हणाला, ‘मुक्याचं.’

मी दोनदा विचारलं, कोणाचं. दोन्ही वेळा त्याने तेच उत्तर दिलं. शेवटी मामाच काउंटरमागून बोलला. नेहमीच्या आवाजात, गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसा.

‘फोन लावा बाई. आधी तुम्ही बोला, मग पोरीला द्या. दोघी एकदम आल्या की कसा पान्हा फुटत नाही बघू.’

मी चिंगीचा हात धरला. दारात पोस्टमन उभा होता. मामाने त्याला बाजूला हो म्हणून खूण केली.

‘न्या की. तुमचंच आहे. आज काही करायचं नव्हतंच, नुसतं दाखवायचं होतं.’ मग म्हणाला, ‘तुम्हाला काय वाटलं, आवाजासाठी घेतलं? आवाज काय, आवाज यंत्रातही मिळतो. तुमच्या भावाला वासरू तर मी फेब्रुवारीपासून दाखवतोय.’

रस्त्याने चिंगी बडबडत होती. काकांनी गोळ्या दिल्या, काका चांगले आहेत, फ्रेम परत द्यायची राहिली. मला फक्त तिच्या घामट हाताची जाणीव होती. शाळेच्या फाटकापाशी भावजय दिसली. फुटपाथवर मांडी घालून बसली होती, शाळेचा रखवालदार आणि दोन बाया तिच्याभोवती. तिने चिंगीला ओढून घेतलं, तिच्या नाकावरची फ्रेम काढली आणि दोन्ही हातांनी मोडली. मग मला विचारलं, ‘तुम्हाला कुठे सापडली?’

मी म्हटलं, घरी चल, सांगते.

५ एप्रिल

काल संध्याकाळी धाकट्याशी बोलले. भावजय चिंगीला घेऊन शेजारणीकडे बसली होती.

तो स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला टेकून बसला होता. मी पण समोर बसले. आधी त्याला शिव्याच दिल्या. येतात त्या सगळ्या दिल्या. शपथेची आठवण करून दिली, आईची आठवण करून दिली. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मला जाणवलं की हे त्याच्या सवयीचं आहे. पाऊस आला की माणूस जसा वळचणीला उभा राहतो तसा तो माझ्या आवाजाखाली बसला होता, थांबायची वाट बघत.

मग मी विचारलं, पहिल्याच दिवशी तुला माझा आवाज ओळखू आला होता?

‘तुझा आवाज गं. लहानपणापासून ऐकतोय.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘काय बोलणार? ताई, मी आहे, म्हणून?’

‘निदान फोन उचलायचा तरी नाही. उचलून गप्प कशाला बसायचं?’

त्याने नखाने फरशीची भेग खरवडली.

‘तू विचारायचीस, आपण कसे आहात,’ तो म्हणाला. ‘इतकं छान विचारायचीस. घरची मंडळी बरी आहेत ना. मला माहीत होतं, त्याच्यापुढे पैशाचं येणार. पण तेवढं ऐकायला मी उचलायचो. माझ्याशी तू असं कधी बोललीच नाहीस, ताई.’

मी उठून नळाखाली हात धुतले. हात स्वच्छच होते.

८ एप्रिल

भावजयीला मी मिळमिळीत म्हटलं होतं. तिने कोणालाही न विचारता रिक्षा बोलावली, मला आणि धाकट्याला आत बसवलं आणि पोलिस ठाण्यावर नेलं. वाटेत धाकटा म्हणत होता, मामाशी बोलून बघू, थोडी मुदत मागू. ती म्हणाली, ‘तुम्ही आता बोलू नका.’ या घरात माझ्याशिवाय कोणी या आवाजात बोलू शकतं हे मला माहीत नव्हतं.

ठाण्यात एक अधिकारी बाई होत्या, माझ्याच वयाच्या, वैतागलेल्या. आधी त्यांना काही कळेना. पाहुणा, चहा, मीटर, पोस्टमन. त्या म्हणाल्या, यात गुन्हा कुठे आहे? मग मी एकेक शब्द सोडवून सांगायला लागले. सुरुवातीला मला बरं वाटलं. मला येतं ते मी सांगत होते, त्या लिहून घेत होत्या. ‘काच पुसणे’पाशी मात्र मी अडखळले. पोस्टमनची बांधलेली बोटं सांगितली, आणि समजावून सांगणे, असं म्हटलं मी. त्या म्हणाल्या, समजावून सांगताना बोटं बांधावी लागतात का? टायरच्या दुकानामागच्या फडावरचा एक तबलावाला मागच्या महिन्यात जबडा मोडून दवाखान्यात आला होता, जिन्यावरून पडलो म्हणतो. तुम्ही त्याला ओळखता?

मी म्हटलं, फोनवर.

इतके दिवस मला अर्थ माहीत नव्हता, असं मी म्हणू शकले असते. म्हणायला तोंड उघडलंही. पण तो बोबडा आवाज मी ऐकला होता, शटरची फट मी बघितली होती, आणि हे सगळं मीच रोज रात्री जेवण झाल्यावर इथे लिहीत होते, हसत हसत. अर्थ बघायचाच नव्हता मला. पानं न बघता खेळत होते.

शेवटी ‘वासरू’ आलं. मी त्याचा अर्थ सांगितला. बाईंनी विचारलं, मुलीला आणायचं हे कोणी ठरवलं? मामाने की त्या माणसाने?

भावजय माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

मी म्हटलं, ‘वासरू दाखवा, असं मी म्हटलं. ते कोणाचं ते मला माहीत नव्हतं.’

‘दुसऱ्या कोणाचं असतं तर चाललं असतं?’ बाईंनी विचारलं. लिहिता लिहिता, वर न बघता.

भावजयीने तिची खुर्ची थोडी पलीकडे सरकवली. पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला तेवढाच.

२० एप्रिल

मामाला धरलं आणि जामिनावर सोडलं. चष्म्याचं दुकान उघडलंय. काल समोरच्या फुटपाथवरून जाताना बघितलं, काचेत स्वतः उभा राहून एका म्हाताऱ्याच्या कानामागे दांडी बसवत होता, किती मायेने. असल्या माणसाला मी आदर्श मालक म्हटलं होतं. पोट बरं होतं, निदान पोट दिसायचं तरी.

पोस्टमनचा पत्ता नाही. तबलजीने जबाब द्यायचं कबूल केलंय. माझं नाव साक्षीदारांत ठेवायचं की आरोपींत, ते अजून ठरत नाही. माझे वकील म्हणतात, तोंड बंद ठेवा. आयुष्यभर ज्यावर पोट भरलं तेच बंद ठेवायचं.

भावजय चिंगीला घेऊन माहेरी गेली. धाकट्याला सांगून गेली की सहा महिने पत्त्याला शिवला नाहीत तर बघू. माझ्यासाठी काही निरोप नव्हता. मी विचारलाही नाही.

२९ एप्रिल

धाकटा माझ्याकडे राहायला आलाय. पुढच्या खोलीत गादी टाकून झोपतो. दिवसा कामावर जातो, पगार माझ्या हातात आणून देतो, बायकोने तशी अट घातलीये.

संध्याकाळ मात्र कठीण जाते. फड बसायची वेळ झाली की त्याचा जीव लागत नाही. खिडकीपाशी जातो, परत येतो, चपला सरळ करतो, पुन्हा खिडकीपाशी. पहिले दोन दिवस मी खेकसले. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच पायात चपला घातल्या. मी दाराची कडी धरून उभी राहिले. कितीतरी वेळ आम्ही तसेच होतो, दोन शेळ्यांसारखे समोरासमोर. मग तो आत गेला.

आता खेकसत नाही. पण न खेकसता याच्याशी काय बोलतात, तेही येत नाही मला. ‘आपण कसे आहात’ तोंडावर आलं होतं काल, गिळून टाकलं. त्याने ते दुसऱ्या ठिकाणी ऐकलंय.

३ मे

आज संध्याकाळी मीच त्याला म्हटलं, बस, मला सांग, त्यात असतं काय इतकं.

त्याला वाटलं ही टोमणा मारतेय. मी खरंच विचारतेय हे कळायला त्याला वेळ लागला. मग भिंतीला टेकून बसला आणि सांगायला लागला. टायरच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. काम झालं, हात धुवायला मागच्या खोलीत गेला. तिथे डाव चालू होता, एक भिडू उठून गेला होता, तर यालाच बसवला. न बघता पैसे लावले. सगळे एकेक करून पॅक झाले, एकच उरला. मग याने पानं उचलली.

‘हात गार पडले, ताई. पानं एकदम चांगली होती. आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी लिफ्टमधून वर येतो तेव्हा माझ्याकडे कोणी बघत नाही. ते सगळे बघत होते, मी आता काय करतो ते.’

सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की मला भीती वाटली. तीन रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे हातात आले, चार रिकामटेकड्यांनी वळून बघितलं, आणि त्यासाठी बायकोच्या बांगड्या, स्कूटर, पोरगी सगळं त्या खोलीत ओतलं. इतका मूर्खपणा मी माझ्या जन्मात ऐकला नव्हता. ते वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं.

तो थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला, मी आता काय म्हणते ते.

मी म्हटलं, ‘मग?’